बेंग्टची बोट आणि आम्ही

मिल्टन कीन्स,
मे महिन्यातला दुसरा रविवार

चि. कस्तुरीस,

अनेक आशीर्वाद.

(एवढंच लिहायला मला सकाळची दुपार झाली. 'चि. सौ.' लिहायची आता सोय नाही. 'श्रीमती' लिहावं तर आपल्याकडे त्याचा अर्थ निराळाच घेतात, आणि अपूर्व तर ठणठणीत आहे. आत्ताच उभ्या उभ्या तिसरी पोळी खाऊन गेला. 'प्रिय' हे सासऱ्याला शोभत नाही, माजी सासऱ्याला तर नाहीच नाही. शेवटी आशीर्वादावर आलो. तो एकदा दिला की परत घेण्याची तरतूद कुठल्या कोर्टात नसावी, अशी माझी समजूत आहे.)

तुझी प्रकृती कशी आहे? रात्रपाळ्या कमी झाल्या का? एडिनबराच्या वाऱ्याबद्दल विचारत नाही, कारण तो कधी कमी होत नाही असं तूच एकदा म्हणाली होतीस. माझं बरं आहे. डाव्या कानाने कमी ऐकू येतं, पण हिच्या (म्हणजे अरुणाच्या) मते तो कान पूर्वीपासूनच कामचुकार आहे. हिचं ब्लड प्रेशर अगदी नॉर्मल आहे. घरातल्या बाकीच्यांचं तसं नाही.

आता पत्राचं कारण. जुलैत तनिषाला घेऊन आम्ही स्वीडनला जायचं, तिथे शिडाच्या बोटीतून देशाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला कालव्याने जायचं, हे तुला ठाऊक आहेच. ते बहुधा होणार नाही. का होणार नाही हे सविस्तर सांगतो. थोडक्यात सांगितलं तर आम्ही मूर्ख आहोत असं तुला वाटेल. सविस्तर सांगितलं तरी तसंच वाटेल, पण निदान कारणं कळतील.

ह्या सगळ्याची सुरुवात नाताळात झाली. तनिषा फोनवर अपूर्वला सांगत होती की मम्मा आता शिडाची बोट चालवते, रेल्वेच्या मोठ्या लाल पुलाखालून नेते, आणि दोर ओढायला मला देते. (घटस्फोटानंतर लोक योगाच्या क्लासला जातात. तू शिडं शिकलीस. मला ते आवडलं, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.) अपूर्व 'अरे वा' म्हणाला. ते 'अरे वा' मी ऐकलं होतं. शाळेत शेजारच्या मुलाचा पहिला नंबर आला होता, तेव्हा त्याने अगदी ह्याच सुरात म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी त्याने जाहीर केलं की आपण सगळे समरमध्ये स्वीडनला जाणार, आणि नुसत्या एका पुलाखालून नाही, अख्ख्या देशातून जाणार. तनिषाला त्याने हे आधीच कळवलं होतं. घरच्यांना नंतर.

त्या कालव्याचं नाव लिहिताना गोटा असं दिसतं आणि म्हणताना यॉता असं म्हणायचं. (ब्लेचलीच्या छापखान्यात मी उभा जन्म रेल्वेच्या आणि बसच्या वेळापत्रकांची प्रुफं वाचली. जे छापलंय तेच म्हणायचं असतं, ह्या श्रद्धेवर निवृत्त झालेल्या माणसाला असलं नाव त्रास देतं.) मधे मधे मोठाली तळी आहेत, तिथे शीड उभारायचं. तळ्यांमधल्या कालव्यात पाण्याच्या पायऱ्या आहेत. त्यांना लॉक म्हणतात, पण कुलपाशी त्यांचा संबंध नाही. बोट एका हौदात घ्यायची, दारं लावायची, हौदातलं पाणी वाढवायचं किंवा कमी करायचं, आणि बोट वर किंवा खाली आली की पुढचं दार उघडायचं. कागदावर हे इतकं सोपं दिसतं की आम्ही तीन महिने कागदावरच राहिलो.

बोटीचा मालक बेंग्ट. हे रिटायर्ड डेंटिस्ट आहेत, तिकडच्या एका तळ्याकाठी एकटे राहतात, आणि आपली बोट ओळखीशिवाय कुणाला देत नाहीत. अपूर्वच्या ऑफिसातल्या एका स्वीडिश बाईंनी शब्द टाकला म्हणून ते तयार झाले. त्यांच्याशी व्हिडिओवर बोलणं हा एक अनुभव आहे. त्यांना 'हो' म्हणायचं असलं की ते तोंडाने काही म्हणत नाहीत, फक्त 'श्यूप्' असा श्वास आत ओढतात. तिकडची ती पद्धतच आहे म्हणे. हे कळण्यापूर्वी हिने त्यांना दमा आहे असं ठरवून अडुळशाचा काढा कसा करायचा ते सांगितलं होतं. त्यावरही ते 'श्यूप्' म्हणाले, त्यामुळे हिची खात्री पटली.

तयारी मात्र जोरात चालली. अपूर्वने दिवाणखान्याच्या भिंतीवर स्वीडनचा नकाशा लावला आणि त्यावर रंगीत टिकल्या चिकटवल्या. निळी म्हणजे मुक्काम, हिरवी म्हणजे दुकान, लाल म्हणजे लॉक. थोड्या दिवसांत स्वीडनला गोवर आल्यासारखं दिसू लागलं. बोटीतल्या ओट्यावर एकच शेगडी असते आणि उभं राहायला जागा नसते, हे कळल्यावर हिने सराव म्हणून दिवाणखान्यात खाली बसून कॅम्पिंगच्या शेगडीवर स्वयंपाक सुरू केला. पहिल्याच फोडणीला स्मोक अलार्म वाजला आणि शेजारच्या बाई ड्रेसिंग गाउनमध्ये धावत आल्या. त्यांना आम्ही स्वीडनला जाणार आहोत एवढंच सांगितलं. त्यांनी आणखी काही विचारलं नाही. इंग्रज लोकांचा हा मोठा गुण आहे.

आता मुख्य अडचणीकडे येतो. फेब्रुवारीत अपूर्वने इथल्या एका तळ्यावर शिडाच्या बोटीचा कोर्स लावला. पहिल्या दिवशी तो लवकर घरी आला आणि न जेवता झोपला. सँडविच बाधलं म्हणाला. दुसऱ्या आठवड्यात सँडविच न खाता गेला आणि आणखी लवकर आला. मग हिने खोदून विचारलं तेव्हा कळलं, की बोटीत पाय टाकला की त्याला गरगरतं आणि उलटी होते. तळ्यात लाटा नव्हत्या. बदकं होती. शिकवणारी मुलगी समजूतदार होती. तिने त्याला सांगितलं, पाण्याकडे बघू नका, लांब क्षितिजाकडे बघा. पण मिल्टन कीन्समध्ये क्षितिज म्हणून जे काही आहे ते रस्त्यावरच्या एका गोल चौकापाशी, म्हणजे राउंडअबाउटपाशी, सुरू होतं आणि दुसऱ्या राउंडअबाउटपाशी संपतं. तिकडे बघून त्याला जास्तच गरगरलं. कोर्स अर्धा राहिला.

तनिषाला त्याने हे सांगितलं नाही. शीड हालतं म्हणून त्रास होतो, कालव्यातलं पाणी स्थिर असतं, असा त्याने सिद्धान्त मांडला. तो तपासण्यासाठी ईस्टरच्या सुट्टीत तनिषा इथे असताना आम्ही एक दिवसासाठी नॅरोबोट भाड्याने घेतली. (ती कशी असते ते तुला सांगायला नको. रेल्वेच्या डब्याला पाण्यात सोडावं तशी लांबलचक बोट.) त्या दिवशी काय झालं हे तनिषाने तुला सांगितलं असेल तर तिने बरंच वगळलं असणार, म्हणून माझी आवृत्ती देतो.

फेनी स्ट्रॅटफर्डला एक लॉक आहे. ते बोटीला फक्त फूटभर खाली उतरवतं. एवढ्याशा उंचीसाठी कुणी हौद बांधला असेल ह्याचं मला कौतुक वाटत आलंय. सरावाला ह्याहून सोपी जागा साऱ्या इंग्लंडात नसेल. आमच्या नेमणुका अशा होत्या: अपूर्व मागे सुकाणूवर, चेहरा पांढरा. तनिषा पुढच्या टोकाला. ही काठावर दोर धरून. आणि मी लोखंडी हँडलने दाराची झडप उघडून पाणी सोडायला, म्हणजे तिथली सूचनांची पाटी वाचून पाणी सोडायला. (पाटीवर एक स्वल्पविराम चुकलेला आहे. कौन्सिलला कळवावं की कालवेवाल्यांना, ह्याचा मी विचार करत होतो, म्हणून पुढच्या प्रसंगाकडे माझं थोडं उशिरा लक्ष गेलं.)

दोर खुंटाला एक वेढा देऊन नुसता हातात धरायचा आणि बोट खाली जाईल तसा सैल सोडायचा, असं हिला बजावलं होतं. पण हिचं म्हणणं, धरून काय उभं राहायचं, बांधून टाकावं. तिने निरगाठ मारली. हिची निरगाठ तुला माहीत आहे. पुण्याहून हिने बांधून आणलेल्या पापडांच्या डब्याचा दोरा आपण कात्रीने कापला होता. मी पाणी सोडलं. बोट खाली निघाली. एक बाजू गेली, दुसरी गाठीला लटकून राहिली, आणि आख्खी बोट हळूहळू तिरपी व्हायला लागली. हे प्रथम तनिषाच्या लक्षात आलं. ती ओरडली, "आजी, बोट अडकलं!"

आता हे तुला सांगायला हवं की इथे जन्मलेल्या मुलांचं मराठीतलं लिंग हा माझ्या चिंतेचा विषय आहे. ती 'बोट अडकली' म्हणाली असती तर पुढचं काही झालं नसतं. 'अडकलं' म्हटल्याबरोबर हिला वाटलं की पोरीचं बोट कुठेतरी चेंगरलं. ही दोर तसाच सोडून पुढे धावली, पोरीचे दोन्ही हात धरले आणि एकेक बोट तपासू लागली. तनिषा हात सोडवत सांगत होती, बोट, बोट अडकलं. जितक्यांदा सांगे तितक्यांदा ही पुन्हा पहिल्यापासून बोटं बघे. चूक नेमकी काय आहे हे तिथे फक्त मला समजलं होतं. पण व्याकरण समजणं आणि हँडल उलटं फिरवणं ही दोन वेगळी कामं आहेत. आतून आमटीचा डबा, थर्मास आणि माझा चष्म्याचा दुसरा जोड एकामागोमाग एक घरंगळत गेल्याचे आवाज आले. शेजारच्या पबच्या अंगणातली मंडळी ग्लास घेऊन उभी राहिली. अपूर्व सुकाणूला मिठी मारून डोळे मिटून उभा होता.

शेवटी तनिषाने आजीचा नाद सोडला आणि मला सांगितलं. ओरडून नाही, अगदी शांतपणे. "आजोबा, ते क्लोज कर. मग वरचा उघड. पाणी परत येणार, बोट सरळ होणार." मी तसं केलं. पाणी परत आलं, बोट सरळ झाली. गाठ काही सुटली नाही. काकडी कापायच्या सुरीने दोर कापला. पबमधल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि हिने त्यांना हात जोडले.

ह्यानंतरचं जे आहे ते तनिषाने तुला नक्की सांगितलेलं नाही. अपूर्व पलीकडे गवतात डोकं गुडघ्यात घालून बसला होता आणि ही त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. मी आणि तनिषा बाकावर बसून उरलेल्या पोळ्या खात होतो. ती त्याच्याकडे बघत मला म्हणाली, "आजोबा, बाबाला बोट आवडत नाही. भीती वाटतो. मला माहीत आहे. पण तो सांगत नाही ना, म्हणून मी पण सांगत नाही." मी विचारलं, का नाही सांगत. ती म्हणाली, "त्याला वाईट वाटणार." मी तिची भाषा दुरुस्त केली नाही. दुसरी पोळी दिली.

म्हणजे अशी परिस्थिती आहे की बापाला वाटतं मुलीला ठाऊक नाही, मुलीला ठाऊक आहे पण बापाला कळू द्यायचं नाही, आणि हे दोन्ही ज्याला ठाऊक आहे तो मी, मला ह्या घरात कुणी काही विचारत नाही.

गेल्या आठवड्यात बेंग्टचा फोन आला. आम्ही तिघं लॅपटॉपसमोर ओळीने बसलो. त्यांनी आधी हवामानाविषयी विचारलं, मग हिच्या तब्येतीविषयी. मग म्हणाले की वाटेत व्हेटर्न नावाचं तळं लागतं, ते तळं म्हणायचं पण वारा सुटला की समुद्रच असतो, तेव्हा बोटीवर प्रमाणपत्र असलेला कप्तान कोण आहे तेवढं सांगा. अपूर्व म्हणाला, मी. त्यांनी विचारलं, शेवटचं शीड कधी हाताळलंत? आता अपूर्वला खोटं बोलता येत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार. त्याने सगळं सांगितलं. तळं, बदकं, दोन्ही वेळच्या उलट्या, लॉक, सुरी. बेंग्ट ऐकत होते. श्वास आत ओढला नाही.

"मग कप्तान कोण?" त्यांनी पुन्हा विचारलं.

अपूर्वने हिच्याकडे बघितलं. हिने माझ्याकडे. माझ्या पलीकडे फक्त फ्रिज होता.

बेंग्ट म्हणाले, "माझी बोट ह्या उन्हाळ्यात किनाऱ्याला पडून राहिली तर मला वाईट वाटेल. ती तळाला गेली तर जास्त वाईट वाटेल." ते रागाने बोलले नाहीत. त्यांच्या बायकोने आणि त्यांनी मिळून ती बोट घेतली होती, असं ते मागे एकदा म्हणाले होते. महिनाअखेरपर्यंत कप्तान कळवा, नाहीतर बोट देता येणार नाही, असं सांगून त्यांनी आमचा निरोप घेतला.

तेव्हा पाण्यातून स्वीडन पाहण्याचा योग दिसत नाही. आता राहतं ते तनिषाला सांगणं. तिने शाळेत सगळ्यांना सांगितलंय. दर रविवारी फोनवर ती विचारते, बाबा, लाइफजॅकेट माझं आणू का, आणि तो म्हणतो, बघू, आणि मग टिकल्यांबद्दल बोलत बसतो. फोन ठेवला की नकाशासमोर उभा राहतो. काढून टाकत नाही आणि नवी टिकलीही लावत नाही. ह्या जुलैची त्याने किती वाट पाहिली आहे हे तुला सांगणं योग्य आहे की नाही मला कळत नाही, म्हणून सांगून टाकतो.

तर माझी विनंती एवढीच, की तिला तू सांगावंस. बोट नादुरुस्त आहे म्हण, कालवा आटला म्हण, आजोबा म्हातारे झाले म्हण (हे खरंही आहे). तुझ्या तोंडून तिला कमी लागेल. एवढं केलंस तर आम्ही सगळे सुटू.

जेवणाखाण्याकडे लक्ष दे. थंडी तिकडे मे महिन्यातही असते, हे मीही जाणून आहे.

तुझा,
कमलाकर
(नातं काय लिहायचं ते तू ठरव.)

ता. क. — वरचं पत्र पुन्हा वाचून पाहिलं. त्यात एक गोष्ट राहिली. बेंग्टने निरोप घेतल्यावर अपूर्व बाहेर गेला, आणि मी एकट्याने त्यांना परत फोन लावला. (हे मला जमतं हे घरात कुणाला माहीत नाही.) त्यांना तुझं नाव सांगितलं. एडिनबराला समुद्रावर बोट चालवते, प्रमाणपत्र आहे, डोकं शांत आहे. त्यांनी लगेच श्वास आत ओढला. म्हणजे तनिषाला वाईट बातमी सांगण्याची जी विनंती वर केली आहे, ती खरी विनंती नाही. खरी ही आहे: जुलैत तू सुकाणूवर येशील का? तुला दार असलेली खोली मिळेल. स्वयंपाक करावा लागणार नाही. तुमच्या दोघांमध्ये जे संपलं ते परत जुळवायचा हा डाव आहे असं समजू नकोस. लेखकाने काट मारलेली ओळ त्याच्या सहीशिवाय परत घालायची नाही, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम होता, आणि मी तो कधी मोडला नाही. आम्हाला फक्त बोट चालवणारं माणूस हवंय.

आणखी एक — हे हिच्या सांगण्यावरून. तू येणार असशील तर ती भाजणी पाच किलो करेल, नसशील तर दोन. ती जुलैत थालीपीठ कुठेही खाणारच आहे. शिवाय तिने विचारलंय, तू चहा अजून बिनसाखरेचा घेतेस का. ह्याचं उत्तर बाकी काही ठरलं नाही तरी कळव.

अगदी शेवटचं — पाकीट बंद करून टपालपेटीकडे निघालो, तर अपूर्व ड्राइव्हवेवर सायकल उलटी ठेवून चेनला तेल घालत होता. कुणाला पत्र, म्हणाला. मी तुझं नाव सांगितलं, आणि मग आतलं सगळंही सांगितलं. तो पेडल फिरवू लागला. मला वाटलं, आता चिडेल. तो म्हणाला, "तिला लिहा, ती हो म्हणाली तर मी बोटीत बसणार नाही. त्या कालव्याच्या काठाने पूर्ण सायकलची वाट आहे, मी बघून ठेवलंय. लॉकपाशी तुमच्या आधी पोचेन आणि दोर घेईन. आणि ती नाही म्हणाली तर तनिषाला कुणी काही सांगायचं नाही. मी एडिनबराला जाऊन सांगतो, बोटीचंही आणि माझंही."

त्यामुळे वरची कुठलीच विनंती आता तुझ्यावर बंधनकारक नाही. पाकीट फाडून हे लिहावं लागलं, म्हणून सेलोटेप लावला आहे. कुणी मधे उघडून वाचलं असं समजू नकोस.